हात हलवून खेळायचं की बटण दाबून? बेळगावच्या सोप्यात स्विच स्पोर्ट्स

जूनचा पाऊस लागला की बेळगावची मैदानं चिखलात जातात. खानापूरच्या बाजूला तर पोरं महिनोन्‌महिने घरातच अडकतात आणि 'टीव्हीसमोर हात हलवून खेळायचं ते मशीन आणूया' हा विषय निघतो. निंटेंडोचा स्विच हा टीव्हीला जोडायचा गेमिंग कन्सोल आणि त्यावरचा एप्रिल २०२२ मध्ये आलेला 'निंटेंडो स्विच स्पोर्ट्स' हा गेम, हा त्यातला सगळ्यात सोपा पर्याय, म्हणून परीक्षण त्याचंच. निकाल आधी सांगतो. बोलिंग, बॅडमिंटन आणि चांबारा ही तलवारबाजी, यांच्यासाठी जरूर घ्या. टेनिस चालून जातं. केवळ व्हॉलीबॉल-फुटबॉलसाठी पैसे घालू नका.

हात हलवण्याला घरच्या गेममध्ये जागा आहे का, हा वाद २००६ मध्ये निंटेंडोचा वी (Wii) हा आधीचा कन्सोल आला तेव्हापासूनचा. कुणी त्याला पोरखेळ म्हणतं, कुणाला आजीपासून नातवापर्यंत सगळे खेळतात याचं कौतुक. आमच्या मते कसोटी एकच. हात किती हलला, कोणत्या कोनात आणि किती वेगाने, हे गेम मोजत असेल तर हालचाल तिथे शोभते. गेमला फक्त 'हलवलं' एवढंच कळत असेल तर तिथे बटणच हवं होतं. वीवरच्या 'डॉंकी काँग कंट्री रिटर्न्स'मध्ये (२०१०) लोळण घ्यायला रिमोट झटकावा लागायचा. उडी अचूक साधायच्या क्षणी हात झटकायचा, म्हणजे नेमकेपणा गेला आणि बदल्यात काहीच मिळालं नाही.

वीच्या टेनिसचीही तीच अडचण होती. त्या रिमोटमधला वेगवाढ मोजणारा सेन्सर साधारण तीन जीपर्यंतच, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तिप्पट वेगवाढीपर्यंतच मोजायचा. दोन किलोच्या ताणकाट्याला वीस किलो लावल्यावर काटा जसा टोकाला जाऊन अडकतो, तसं जोरात हात फिरवला की मोजमाप टोकाला जाऊन थांबायचं. मग दिवाणावर बसून मनगटाचा छोटा झटका दिला तरी पूर्ण हाताच्या फटक्याइतकंच फळ मिळायचं, आणि हे एकदा कळलं की कुणी उभं राहत नसे. २००९ मध्ये मोशनप्लस नावाच्या जोडणीतून जायरो, म्हणजे फिरणं मोजणारा सेन्सर आला, तेव्हा कुठे रिमोटचं वळण नीट कळायला लागलं. स्विचच्या जॉयकॉनमध्ये, म्हणजे त्याच्या सुट्या होणाऱ्या छोट्या कंट्रोलरमध्ये, वेगवाढीचा सेन्सर आणि जायरो दोन्ही पहिल्यापासून आहेत.

आता बोलिंग. सगळ्या संचात हाच खेळ सर्वांत प्रामाणिक आहे. उभं कुठे राहायचं आणि रोख कुठे धरायचा हे आधी ठरवायचं, मग हात मागे नेऊन पुढे आणायचा. फेकताना मनगट वळलं की चेंडूला फिरकी लागते. उजव्या हाताच्या बहुतेक नवख्यांचा चेंडू शेवटी डावीकडे वळतो. कारण साधं आहे: हात वर येताना कोपराखालचा भाग आपोआप आतल्या बाजूला फिरतो आणि जायरो ते टिपतो. उपाय असा, की अंगठा जॉयकॉनच्या मधोमध ठेवायचा आणि हात खांद्याच्या उंचीला येईपर्यंत बटणांची बाजू डावी-उजवीकडे कलू द्यायची नाही. सरळ चेंडू जमल्यावर मुद्दाम थोडंसं मनगट वळवून पहिल्या आणि तिसऱ्या पिनच्या फटीत चेंडू घालायला शिकता येतं. हे बटणावर करता आलं असतं, पण इतकं बारीक नाही. घरातली वयस्कर मंडळीही पाच मिनिटांत खेळायला लागतात, कारण शिकायचं असं काही उरतच नाही.

बॅडमिंटनमध्ये खेळाडू आपोआप पळतो, आपल्याकडे फटक्याची वेळ आणि दिशा. झेडआर (ZR) बटण दाबून फटका मारला की शटल जाळीजवळ टाकलं जातं. समोरचा मागे ढकलला गेला असताना हा फटका टाकायचा, नाहीतर तोच आपल्यावर उलटतो. टेनिस नेहमी दुहेरी असतं, एकटे खेळलात तर दोन्ही खेळाडू तुमचेच. त्यात दिशा ठरते ती वेळेवर: उजव्या हाताचा फोरहँड लवकर मारला तर डावीकडे, उशिरा मारला तर उजवीकडे. मनगटाचं वळण तिथे फार उपयोगी पडत नाही, म्हणून त्याला दुसऱ्या रांगेत बसवलं.

चांबारामध्ये मात्र कोनच सगळं काही. वार उभा येत असेल तर बटण धरून तलवार आडवी करायची, आडवा येत असेल तर उभी. बरोबर अडवलं की समोरचा क्षणभर लटपटतो, तेवढ्यात मारायचं. जो आंधळेपणाने हात फिरवत राहतो तो हमखास पाण्यात पडतो. म्हणूनच हा खेळ चांगला आहे.

इथेच जायरोचा मूळ दोषही दिसतो. जायरो कोन मोजत नाही, फिरण्याचा वेग मोजतो. त्या वेगाची बेरीज करत गेलं की कोन निघतो, आणि बेरजेत दर वेळी किंचित चूक साचते. वर-खाली आणि बाजूला कलण्याची चूक गुरुत्वाकर्षणाच्या आधाराने सुधारता येते, पण डावी-उजवीकडची चूक सुधारायला कसलाच आधार नाही. त्यामुळे थोड्या वेळाने तलवारीचा मध्य सरकतो. डाव सुरू होताना जॉयकॉनचं टोक टीव्हीकडे नीट धरा, घाई करू नका. हात स्थिर असूनही चित्र सरकत असेल तर मात्र कॅलिब्रेशन करायचं, म्हणजे सेन्सरचं मोजमाप पुन्हा जुळवायचं: सिस्टिम सेटिंग्ज, कंट्रोलर्स अँड सेन्सर्स, कॅलिब्रेट मोशन कंट्रोल्स. मग जॉयकॉन सपाट जागी ठेवून प्लस किंवा मायनस बटण दाबून धरायचं. सपाट म्हणजे खरोखर सपाट. जुन्या घरांतली शहाबादी फरशी उतार काढून बसवलेली असते आणि गादीवर ठेवलं तर काहीच साधत नाही. टेबलावर ठेवा, आणि तेवढा वेळ टेबलाला कुणी धक्का देऊ नये.

वीला डावी-उजवीकडचा हा आधार होता. त्याच्या रिमोटच्या टोकाला इन्फ्रारेड कॅमेरा असे, आणि टीव्हीवरची 'सेन्सर बार' नावाची पट्टी स्वतः काही मोजत नसे, तिच्या दोन टोकांना फक्त इन्फ्रारेड दिवे. जुना वी अजून चालू असेल आणि टीव्हीशेजारीच देवघर असेल, तर तेवती समई कॅमेऱ्याला दिव्यासारखीच दिसते आणि पडद्यावरचा हात भरकटतो. मशीन बिघडलं म्हणून दुकानात नेण्याआधी हे बघा. उलट पट्टीची वायर तुटली तर टीव्हीसमोर थोड्या अंतरावर दोन मेणबत्त्या लावूनही काम भागतं.

व्हॉलीबॉलमध्ये चेंडू वर उचलणं, उडी, फटका यांचा क्रम ठरलेला, हालचाल म्हणजे नुसता होकार. फुटबॉलला माणशी दोन जॉयकॉन लागतात, अंगठ्याने पळायचं आणि हात झटकून लाथ मारायची. मांडीला जॉयकॉन बांधून खऱ्या पायाने मारायचा शूट-आउट त्यातल्या त्यात बरा, त्याचा पट्टा गेमच्या डब्यात येतो.

बहुतेक तक्रारींचं मूळ मात्र जॉयकॉनमध्ये नसतं, टीव्हीत असतं. चित्र सुधारण्याच्या नादात टीव्ही दर चित्र थोडं उशिरा दाखवतो. सेकंदाला ६० चित्रं धरली तर एक चित्र सुमारे १७ मिलिसेकंदांचं, आणि साध्या पिक्चर मोडमध्ये १०० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे सहा चित्रं गेली. टेनिसमध्ये मग तुमचे सगळे फटके 'उशिरा' धरले जातात आणि फोरहँडचा चेंडू सारखा उजवीकडेच जातो. ज्या एचडीएमआयला स्विच लावलाय तिथे जाऊन पिक्चर मोड 'गेम' करा, मोशन स्मूदिंगच्या नावाचं जे काही असेल ते बंद करा. होम थिएटरमधून फिरवून आणलेली वायर काढा, थेट टीव्हीला लावा. डॉक, म्हणजे स्विच टीव्हीला जोडण्यासाठी ज्यात बसवतात तो खण, टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटात ठेवू नका, आणि वायफायचा राउटर त्याला चिकटून नको. जॉयकॉन ब्लूटूथवर, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि मध्ये पत्रा आला की हालचाल अडखळते.

जागेचं बघू. शहापूर-वडगावच्या जुन्या गल्ल्यांतली घरं अरुंद आणि खोल, पुढचा सोपा दहा फूट रुंद असला तरी पुष्कळ. एकट्याला तो पुरतो. दोघांना शेजारी-शेजारी उभं करायचं तर दोघांत एक हात नव्हे, दोन हात अंतर हवं, म्हणजे साधारण सहा फूट, आणि एकाच्या उजव्या हाताला भिंत नको. टीव्हीपासून सहा-सात फूट मागे राहा. माळा असलेल्या घरात वर बघा: साडेपाच फुटी माणसाचा वर केलेला हात सात फुटांच्या आसपास जातो, उडी मारली तर आणखी वर, आणि पंख्याची पाती तिथेच फिरत असतात. खेळताना छताचा पंखा बंद, उभा पंखा कोपऱ्यात. मनगटाची दोरी सक्तीची. वी आला त्याच वर्षी निंटेंडोला सुमारे ३२ लाख दोऱ्या बदलून द्याव्या लागल्या होत्या, आणि आजचे एलईडी पडदे फार पातळ. दोरीची पट्टी चढवताना तिच्यावरचं प्लस जॉयकॉनच्या प्लसला आणि मायनस मायनसला जुळवा. उलटी घुसवली तर अडकून बसते आणि ओढताना खाचेचा खिळा तुटतो. सलग अर्ध्या तासाहून जास्त खेळू नका. वीवरच्या टेनिसने खांद्याचा स्नायू दुखावल्याची नोंद २००७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आली होती.

'हे लहान मुलांचं' म्हणणाऱ्या कॉलेजच्या पोरांनी स्वतःच्या फोनकडे बघावं. बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) हा फोनवरचा नेमबाजीचा गेम खेळणारे कितीतरी जण जायरो चालू ठेवतात, कारण स्कोप उघडल्यावर नेम शेवटचा केसभर सरकवायला अंगठ्यापेक्षा मनगट बरं. टीव्हीवरही तेच आहे. काठी म्हणजे स्टिक वेग ठरवते, जायरो थेट जागा. 'स्प्लाटून' या स्विचवरच्या नेमबाजीच्या गेममध्ये मोठं वळण स्टिकने घ्यायचं आणि बारीक नेम मनगटाने, नजर वर-खाली भरकटली की वाय दाबून सरळ करायची. दोन आठवडे अवघड जातं, मग स्टिकवर परत जाववत नाही. प्लेस्टेशनच्या ड्युअलसेन्समध्ये जायरो आहे पण तो वापरणारे गेम कमी. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये तर तो नाहीच, आणि ही आमच्या मते त्या कंट्रोलरची सर्वांत मोठी उणीव. बारीक नेम हेच हालचालीच्या तंत्राचं खरं घर आहे, आणि जाहिरातीत मात्र कायम उड्या मारणारी कुटुंबं दाखवली गेली.

एक्सबॉक्सला जोडायचा, कॅमेऱ्याने अंगाची हालचाल टिपणारा मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट, त्याने हातातलं सगळंच काढून घेतलं होतं. पहिल्या साठ दिवसांत ऐंशी लाख विकले गेले आणि २०१७ मध्ये उत्पादन थांबलं. त्याला एकट्यासाठी सहा आणि दोघांसाठी आठ फूट मोकळी जागा लागे. आपल्या सोप्यात टीव्ही, दिवाण आणि चपलांचं कपाट मांडल्यावर ते बसणारच नव्हतं.

खरेदीचं थोडं सविस्तर. स्विच इथे मिळतो तो बाहेरून आलेला माल, त्यामुळे वॉरंटी म्हणजे दुकानदाराचा शब्द, तो बिलावर लिहून घ्या. अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, फक्त पिना बदलणारा प्लग लागतो. जुना अमेरिकन वी मात्र स्वस्तात मिळाला तरी सांभाळून, त्याचा अडॅप्टर १२० व्होल्टचा असतो आणि आपल्या २३० व्होल्टच्या पॉइंटला लावला की जळतो. शिवाय वीच्या डिस्कला देशाचं बंधन आहे, स्विचच्या कार्ट्रिजला नाही. स्विच लाइट घेऊ नका, त्याचे जॉयकॉन सुटत नाहीत. प्रो कंट्रोलरवर स्विच स्पोर्ट्स चालत नाही. स्विच २ घेणार असाल तर जुने जॉयकॉन त्याला वायरलेस जोडता येतात पण त्यावर लावून चार्ज होत नाहीत. आणि 'रिंग फिट अ‍ॅडव्हेंचर' या व्यायामाच्या गेमला जुनेच लागतात.

जुना सेट घेताना सेटिंग्जमध्ये स्टिकची चाचणी उघडा, बोट काढल्यावर खूण मध्यावर येते का बघा. ती एका बाजूला ओढत असेल तर आतल्या कार्बनच्या पट्ट्या झिजल्यात. हा स्टिकचा दोष, जायरोचा नव्हे, दुकानदार दोन्ही एकत्र करून 'कॅलिब्रेट केलं की झालं' म्हणेल. झिजलेल्या पट्टीला कॅलिब्रेशन फार दिवस पुरत नाही. फोन दुरुस्त करणाऱ्या चांगल्या कारागिराला स्टिक बदलता येते: पाठीमागचे चार तीनपाती स्क्रू, आत बॅटरीची चौकट, स्टिकचे दोन स्क्रू आणि एक रिबन. झाकण एकदम उचकटू नको म्हणून आधीच सांगा, दोन्ही भागांना जोडणाऱ्या रिबन पट्ट्या फाटतात. चुंबकावर चालणारी हॉल सेन्सरची स्टिक मिळाली तर तीच घाला, तिच्यात घासून झिजणारी पट्टी नसते.

हेस्कॉमची लाईट गेली तरी डाव मोडत नाही. टीव्ही बंद होतो, स्विच स्वतःच्या बॅटरीवर चालू राहतो. डॉकमधून काढून पाठीमागचा पाय उघडायचा आणि स्टुलावर ठेवायचा. स्विच स्पोर्ट्स असा टेबलावर चालतो, हातात धरून नाही. मूळ स्विचचा पडदा ६.२ इंची, म्हणून तीन-चार फुटांवर या आणि बोलिंगच लावा. जॉयकॉन पूर्ण चार्जवर वीसेक तास जातात, पण डब्यातल्या साध्या ग्रिपमध्ये ते चार्ज होत नाहीत, कन्सोललाच लावावे लागतात. पावसाळ्यानंतर सेट कपाटात जाणार असेल तर सहा महिन्यांतून एकदा तरी कन्सोल आणि जॉयकॉन दोन्ही चार्ज करून ठेवा.