‘तुमचा वापर जास्त आहे’ असे सांगून उकळलेले पैसे

कोपरखैरण्यात आमच्या भागातील बहुतेक घरांत इंटरनेट कंपनीचे असले तरी जोडणी केबलवाल्यामार्फतच येते. वायर तो टाकतो, पैसे तो नेतो आणि तक्रारही त्यालाच करावी लागते. आम्ही त्याच्याकडून १०० एमबीपीएसचा प्लॅन वर्षभराचे पैसे रोख भरून घेतला. महिन्याला ३,३०० जीबीपर्यंत पूर्ण वेग मिळेल असे त्याने तोंडी सांगितले. पावतीवर मात्र ‘अनलिमिटेड, १२ महिने’ एवढेच लिहिले.

त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातच वेग कोसळू लागला. ऑफिसच्या मीटिंगमध्ये समोरच्याचे चित्र गोठायचे, मुलीचे लेक्चर पुढे सरकायचे नाही. फोन केला की उत्तर ठरलेले असे : “ताई, तुमच्याकडे वापर फार आहे. मुलगी दिवसभर यूट्यूब लावते, दारावर कॅमेरा आहे, मग डेटा संपणारच. टॉप-अप मारून देतो.” पैसे दिले की तासाभरात वेग पूर्ववत होई. त्याच्या या बोलण्यावरून घरात मुलीला बोलणी बसली, याचा मला पैशांपेक्षाही अधिक संताप आहे.

वस्तुतः आकडेमोड सोपी आहे. एचडी व्हिडिओला तासाला साधारण ३ जीबी लागतात; रोज चार तास पाहिले तरी महिन्याचे ३६० जीबी होतात. कॅमेऱ्याने २ एमबीपीएसने अहोरात्र चित्रण क्लाउडवर पाठवले, तर दिवसाला २१.६ जीबी, म्हणजे महिन्याला सुमारे ६५० जीबी खर्ची पडतात. दोन्ही मिळून कबूल केलेल्या मर्यादेचा एक तृतीयांशही भरत नाही, आणि आमचा कॅमेरा तर हालचाल झाली तरच चित्रण करतो.

दुसरी खूण वेगाचीच होती. लाइनवर गर्दी असेल तर वेग रात्री नऊच्या सुमारास पडतो आणि पहाटे सुधारतो. आमच्याकडे मात्र लॅपटॉप राउटरला थेट वायरने जोडून पहाटे चारला मोजला तरी आकडा अर्ध्या एमबीपीएसच्या आसपासच राही. चोवीस तास न हलणारा असा वेग म्हणजे डेटाची मर्यादा संपल्यावर कंपनीने लावलेला लगाम असतो.

राउटरवरच्या स्टिकरवरील कस्टमर आयडी घेऊन मी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला, तेव्हा सारे उघड झाले. आमच्या नावावर महिन्याला ३०० जीबीचा स्वस्त प्लॅन होता, तो दर महिन्याला रिचार्ज केला जात होता आणि नोंदवलेला मोबाइल क्रमांक केबलवाल्याचा होता. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या (ट्राय) २०१६ च्या निर्देशांनुसार डेटाचा वापर ५०, ९० आणि १०० टक्क्यांवर पोहोचला की ग्राहकाला सूचना द्यावी लागते. कंपनी त्या सूचना पाठवत होती. त्या आमच्याऐवजी त्याला मिळत होत्या, आणि टॉप-अप विकायची वेळ झाली हे त्याला त्यांवरूनच कळत होते.

म्हणून जोडणी बसवायला माणूस घरी आलेला असतानाच त्याच्यासमोर कंपनीच्या ॲपमध्ये स्वतःच्या क्रमांकाने लॉगिन करून पाहा. ओटीपी आपल्या फोनवर आला नाही, तर पैसे देऊ नका. हाताने लिहिलेली पावती न घेता १८ टक्के जीएसटी दाखवणारे कंपनीचे बिल मागा, कारण प्लॅनचे खरे नाव त्यावर असते. टॉप-अप घ्यायचाच झाला तर तो ॲपमधून स्वतः घ्या.

तक्रार कंपनीकडे नोंदवून डॉकेट (तक्रार नोंद) क्रमांक लिहून घ्यावा. उत्तर समाधानकारक नसेल तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येते, आणि त्याला शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. दूरसंचार सेवेविरुद्ध ग्राहक आयोगात दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

कंपनीने ओळखपत्र घेऊन आमचा क्रमांक नोंदवला. केबलवाल्याने टॉप-अपचे पैसे परत केले, परंतु दोन प्लॅनमधील वर्षभराचा फरक द्यायला तो तयार नाही. आमच्या इमारतीतील आणखी काही घरांच्या जोडण्या त्याच्याच क्रमांकावर निघाल्या आहेत. त्यांच्या पावत्या एकत्र करून आम्ही सर्वजण मिळून ग्राहक आयोगाकडे तक्रार करणार आहोत.