विद्यार्थ्यांच्या हातची पोस्ट आणि कॅप: नाशिकमधील एका दंतमहाविद्यालयातील उपचार

रूट कॅनाल झालेल्या माझ्या वरच्या पटाशीच्या दाताचा मोठा तुकडा पडला आणि कॅपला आधार मिळेल इतका दात हिरडीबाहेर उरला नाही, तेव्हा दाताच्या मुळात पोस्ट, म्हणजे एक बारीक दांडी, बसवून घेणे भाग पडले. कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवरील खासगी दवाखाने सोडून मी हे काम शहरातील एका दंतमहाविद्यालयात करून घेतले. ते केले एका इंटर्न विद्यार्थिनीने. रांग, केसपेपर, ओपीडी हे सारे अशा कोणत्याही रुग्णालयासारखेच असून शुल्क खासगी दवाखान्याच्या मानाने बरेच कमी पडले.

पोस्टमुळे दात बळकट होतो, असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक पोस्टचे काम वर बांधलेला गाभा (कॅपखालचा भराव) धरून ठेवण्यापुरतेच असते आणि तिच्यासाठी मूळ जितके अधिक पोखरावे तितके ते दुबळे होते. म्हणून कामाचा दर्जा आरशात नव्हे, एक्स-रेत पाहावा. मुळाच्या टोकाशी ४ ते ५ मिलिमीटर गटापर्चा (रूट कॅनालमध्ये भरलेला रबरासारखा पदार्थ) शाबूत हवी, पोस्टची मुळातील लांबी निदान कॅपच्या उंचीइतकी हवी आणि पोस्ट व गटापर्चा यांच्यामध्ये पोकळी राहता कामा नये. याखेरीज हिरडीच्या वर सभोवार दीड ते दोन मिलिमीटर नैसर्गिक दात शिल्लक असावा लागतो, म्हणजे बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसते तशी कॅप त्याला आवळून बसते.

या कसोट्यांवर विद्यार्थिनीचे काम चांगलेच उतरले, पण त्याचे निम्मे श्रेय तिच्यामागे उभ्या असलेल्या प्राध्यापकांचे आहे. पोस्ट नुसती घालून काढलेल्या पहिल्या एक्स-रेत तिच्या टोकाखाली बारीक पोकळी दिसत होती. सिमेंट लावण्याआधीच त्यांनी ती दाखवून दिली आणि पोस्ट नीट टेकेपर्यंत पुढे जाऊ दिले नाही. टाळ्याच्या बाजूला दात कमी उरला होता, तिथे हिरडी किंचित कापून घेण्याचा निर्णयही त्यांचाच. लाळ आत जाऊ नये म्हणून रबर डॅम, म्हणजे दाताभोवती ताणून बसवायचा रबरी पडदा, लावण्याची शिस्त मात्र त्या मुलीने न सांगता पाळली. फायबर पोस्ट का निवडली, हेही तिने नीट समजावले: या पोस्टची लवचीकता दाताच्या जवळपास असल्यामुळे बिघाड झालाच तर बहुधा पोस्ट सुटते आणि ती पुन्हा बसवता येते, धातूच्या पोस्टमुळे मूळ उभे चिरले तर दात बहुधा काढावाच लागतो.

उणिवा कौशल्यापेक्षा व्यवस्थेच्या आहेत. प्रत्येक टप्प्यावर प्राध्यापकांची सही लागते आणि ते दुसऱ्या खुर्चीपाशी अडकले की रुग्णाने तोंड उघडे ठेवून बसायचे. कॅप येण्यापूर्वीच त्या इंटर्नची बदली दुसऱ्या विभागात झाली आणि पुढच्या मुलाला केसपेपरवर पोस्टच्या मापाची नोंदच सापडली नाही. आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय ज्या शहरात आहे, तिथे एवढी साधी नोंद राहून जावी, हे मला खटकले. कॅपची छटा ट्यूबलाइटखाली ठरवली गेल्याने ती शेजारच्या दातापेक्षा पांढरी दिसते. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात छटा जुळवून घेण्याचा आग्रह रुग्णानेच धरलेला बरा.

ज्यांच्याकडे सवड आहे, त्यांनी पुढच्या, एकमुळी दातासाठी इथे निःशंकपणे जावे. दाढेसाठी पोस्ट सुचवली गेली, तर ती खरोखर लागते का, हे प्राध्यापकांना विचारावे, कारण पुरेसा दात शिल्लक असल्यास दाढेच्या आतल्या पोकळीतूनच गाभ्याला आधार मिळतो. पोस्ट बसवल्यानंतरच्या एक्स-रेची प्रत मागून घ्यावी. मागितल्याशिवाय ती मिळत नाही.