पेट्रोल, हायब्रिड की विजेवरची? गाडीचा हिशेब लिटरमध्ये मांडून बघा

पंपावरचा दर चढला की गाडी बदलायचे विचार सुरू होतात, आणि पहिला प्रश्न असतो: तेल पुढे कुठवर जाणार? जुलै २००८ मध्ये कच्च्या तेलाचं पिंप १४७ डॉलरवर पोचलं होतं, त्याच वर्षी डिसेंबरात ते ४० च्या खाली आलं. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतला वायद्याचा भाव चक्क उणे ३७ डॉलर झाला, म्हणजे विकणाराच घेणाऱ्याला पैसे देत होता. दोन वर्षं पुरी व्हायच्या आत, मार्च २०२२ मध्ये, ब्रेंट (जगभर दराचं माप मानलं जाणारं कच्चं तेल) १३० च्या वर जाऊन आलं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२३ साली मांडलं की तेलाची मागणी याच दशकात माथा गाठेल. ओपेकचं, म्हणजे तेल निर्यात करणाऱ्या देशांच्या संघटनेचं म्हणणं, ती पुढची कित्येक वर्षं वाढतच राहील. अशा अंदाजांच्या भरवशावर आठ-दहा वर्षांची खरेदी करू नये.

त्यापेक्षा हिशेब पैशात न मांडता लिटरमध्ये मांडा. दर कितीही हलला तरी ॲव्हरेज आणि रनिंग हलत नाही.

आकडेमोड

मध्यम आकाराच्या तीन गाड्या धरू. साधी पेट्रोल लिटरला १६ किमी, हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली) २४, आणि विजेवरची युनिटला ६ किमी. हे युनिट भिंतीतल्या सॉकेटपासून मोजलेलं आहे. गाडीच्या पडद्यावर दिसणारा आकडा नव्हे, कारण चार्जिंगमध्ये साधारण १० ते १५ टक्के वीज उष्णतेत जाते आणि पडदा ती दाखवत नाही. कंपनीने छापलेलं ॲव्हरेजही जसंच्या तसं घेऊ नका. सध्याच्या गाडीचं काढायचं तर एकाच पंपावर, नोझल आपोआप बंद पडेपर्यंत टाकी भरा आणि लागोपाठ तीन टाक्यांची सरासरी घ्या. एका टाकीवरून काढलेला आकडा फसवतो.

वर्षाला १२,००० किमी चालवणाऱ्याला पेट्रोल गाडीत ७५० लिटर लागतात, हायब्रिडमध्ये ५००. वाचले २५० लिटर. आता दोन गाड्यांच्या किमतीतल्या फरकाला एका लिटरच्या आजच्या दराने भागा. उत्तर २,५०० लिटर आलं तर हायब्रिडचे जादा पैसे वसूल व्हायला दहा वर्षं. पेट्रोल ३० टक्क्यांनी महागलं तरी पावणेआठ वर्षं लागतात. रनिंग दुप्पट असेल तर मात्र, दर आजचाच राहूनही, पाच वर्षांत काम होतं. बहुतेकजण दराकडे डोळे लावून बसतात, पण निर्णय फिरवणारा आकडा ओडोमीटरवर असतो.

विजेवरच्या गाडीला तेवढ्याच अंतराला २,००० युनिट लागतात. युनिटचा दर लिटरच्या दराच्या एक दशांश असेल तर हा खर्च २०० लिटरइतका होतो आणि वर्षाला ५५० लिटर वाचतात. युनिट लिटरच्या पाव पट दराने पडत असेल तर खर्च ५०० लिटरइतका, म्हणजे हायब्रिडच्या बरोबरीने. आणि लिटरच्या दराच्या साधारण ३७ टक्क्यांवर पोचलं की साधी पेट्रोल गाडीही तेवढ्यातच चालते. घरची वीज सहसा यातल्या पहिल्या टोकाजवळ असते, रस्त्यावरचे फास्ट चार्जर अनेकदा दुसऱ्या टोकाकडे झुकतात. म्हणून ‘ईव्ही परवडते का’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि आधी बघा, गाडी रात्री कुठे उभी राहते.

वर्षाला ६,००० किमीच्या आत फिरणाऱ्याने कोणतीच नवी गाडी इंधन वाचवायला म्हणून घेऊ नये. हायब्रिड त्याचे सव्वाशे लिटर वाचवेल, त्यात फरक कधीच भरून निघत नाही.

शहर आणि हायवे

एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. साध्या इंजिनात तिचा पाव हिस्साच जेमतेम चाकांपर्यंत पोचतो, उरलेली रेडिएटर आणि सायलेन्सरमधून निघून जाते. सिग्नल-टू-सिग्नल चालवताना हे अजून बिघडतं, कारण दर ब्रेकला गाडीची गती उष्णता बनून वाया जाते. हायब्रिडची सगळी करामत इथे आहे: ब्रेक लावताना मोटर जनरेटरसारखी चालून एक-दोन युनिटच्या छोट्या बॅटरीत ती ऊर्जा साठवते. हायवेवर एका वेगात पळताना साठवायला काही नसतंच. मग पेट्रोल १९, हायब्रिड २२, आणि विजेवरची वेग वाढल्यामुळे युनिटला ५ किमी अशी चित्रं दिसू शकतात. ज्याचं बहुतांश रनिंग लांब पल्ल्याचं आणि चार्जिंग वाटेतलंच, त्याने हायब्रिड घ्यावी.

नाव ‘हायब्रिड’ असलं तरी ‘माइल्ड’ आहे का ते विचारा. माइल्ड हायब्रिडची मोटर एकटी गाडी ओढत नाही, इंजिनाला हातभार लावते. बचत त्याच मानाने किरकोळ. सॉकेटला लावून चार्ज करायच्या प्लग-इन हायब्रिडचा प्रकार वेगळा: रोज चार्ज केली तर उत्तम, नाही केली तर जड बॅटरी वाहून नेणारी पेट्रोल गाडी. युरोपीय आयोगाने २०२४ साली प्रत्यक्ष वापराची माहिती तपासली, तेव्हा या गाड्यांचं उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या साडेतीन पट निघालं.

डिझेलबद्दल एवढंच: रोजच्या फेऱ्या चार-पाच किलोमीटरच्या असतील तर नको. सायलेन्सरच्या वाटेवरचा डीपीएफ नावाचा फिल्टर काजळी अडवतो आणि ती जाळायला साडेपाचशे-सहाशे अंश तापमान लागतं. छोट्या फेऱ्यांत ते गाठलंच जात नाही, फिल्टर तुंबतो. सीएनजीची तुलना किलोमागे किमी धरून करा. ऊर्जेच्या हिशेबात एक किलो म्हणजे साधारण दीड लिटर पेट्रोल. डिकी जाते, रांग लागते.

काय बिघडतं

हायब्रिडमध्ये बॅटरी थंड ठेवणारा पंखा बऱ्याच मॉडेलमध्ये मागच्या सीटजवळून हवा ओढतो. तिथे सीट कव्हर किंवा सामान आलं, नाहीतर जाळीत धूळ बसली, की बॅटरी तापते आणि तिचं आयुष्य घटतं. दर सर्व्हिसिंगला ती जाळी साफ करायला मुद्दाम सांगावं लागतं.

विजेवरच्या गाडीत ऑइल, क्लच, स्पार्क प्लग यांचा जाच नाही, पण वजनामुळे टायर लवकर झिजतात. कडाक्याच्या थंडीत रेंज पाव हिश्शाने कमी होऊ शकते. बॅटरी एलएफपी आहे की एनएमसी हे आधी विचारा, कारण लिथियम बॅटरीच्या या दोन प्रकारांच्या सवयी वेगळ्या: एनएमसी रोज ८० टक्क्यांवर थांबवावी, एलएफपी मात्र आठवड्यातून एकदा पूर्ण भरावी, नाहीतर गाडीला उरलेल्या चार्जचा अंदाज नीट लागत नाही. फास्ट चार्जरवर ८० टक्क्यांनंतर वेग मुद्दाम कमी केला जातो. तिथे शंभर टक्क्यांसाठी थांबणं म्हणजे वेळ घालवणं. आणि मोठी बॅटरी भरलेली असली तरी छोटी १२ व्होल्टची उतरली की गाडी सुरू होत नाही.

बऱ्याच तक्रारी घरच्या वायरिंगच्या. साधं सॉकेट तास-दोन तासांच्या भारासाठी असतं. गाडी १५-१६ अँपिअर रात्रभर ओढते. आतली पितळी पट्टी सैल असेल तर तिथे विरोध वाढतो, सॉकेट तापतं, काळं पडतं. म्हणून मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन घ्या: १६ अँपिअरला ४ चौरस मिमी तांब्याची वायर, ३२ अँपिअरला ६, सोबत स्वतंत्र एमसीबी आणि गळती ओळखणारं आरसीडी. अंतर लांब असेल तर वायर एक पायरी जाड. अर्थिंग नीट नसेल तर बऱ्याच गाड्या चार्जच घेत नाहीत, आणि दोष चार्जरवर जातो.

मोठ्या चार्जरचा सोस मात्र नको. १२,००० किमीचं रनिंग म्हणजे दिवसाला ३३ किमी, साडेपाच युनिट. ३.३ किलोवॅटच्या साध्या चार्जरला एवढ्यासाठी दोन तासही लागत नाहीत. बुकिंगची रक्कम भरण्याआधी वायरमनला पार्किंगची जागा दाखवा. बोर्डापासून तिथवर वायर न्यायला परवानगी, जागा आणि मंजूर भार, तिन्ही आहे असं तो म्हणाला तर विजेवरची गाडी बघा. नसेल तर हायब्रिड आणि पेट्रोल यांच्यातच निवड करा, आणि तीही लिटर मोजून.