गाडीतला कुबट वास आणि न बदललेल्या कूलिंग कॉइलचं बिल

ज्यांच्या गाडीत कुबट वास येतोय, मॅटखाली ओल लागतेय, सकाळी काचा आतून धुरकट होतायत, त्यांनी गॅरेजवाल्याला पैसे द्यायच्या आधी हे प्लीज वाचा. माझ्याकडून एसीची कूलिंग कॉइल (डॅशबोर्डच्या आत हवा थंड करणारा भाग) बदलल्याचे पैसे घेतले गेले, कॉइल बदललीच नव्हती, आणि खरंच बदलली असती तरी वास गेला नसता कारण पाणी तिथून येतच नव्हतं.

माझ्या गाडीत वास यायचा तो पाऊस पडून गेल्यावर किंवा गाडी धुतल्यावर. एसी लावलेला असो नसो, काही फरक नाही. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटसमोर, जिथे पाय ठेवतो तिथे मॅट उचलली की कार्पेट गार लागायचं. हे सगळं मी गॅरेजच्या ॲडव्हायझरला नीट सांगितलं होतं, पाऊस आणि धुणं हे दोन शब्द तर मुद्दाम दोनदा सांगितले. त्याने गाडीत बसून एसी चालू केला, जाळीजवळ नाक नेलं आणि लगेच निकाल दिला, "कॉइल गेलीये, गॅस लीक होतोय, त्याचाच वास आहे. कॉइल बदलू, वर ओझोन मारू, म्हणजे वास मारणारा गॅस गाडीत सोडू, आतून पूर्ण क्लिनिंग करू, वास परत येणार नाही." कार्पेटला हातसुद्धा लावला नाही.

आता यात किती खोटं आहे बघा. माझा एसी एकदम थंड होता. गॅस एवढा लीक होत असता की आत बसून वास यावा, तर सगळ्यात आधी कूलिंग कमी झालं असतं. शिवाय एसीच्या गॅसला कुबट वास नसतोच, कुबट वास येतो तो बुरशीचा आणि बॅक्टेरियाचा, आणि त्यांना लागतं पाणी. कॉइलवर हवेतली वाफ थंड होऊन पाणी जमतं हे खरंय, पण ते एसी नीट चालत असल्याचं लक्षण आहे. ते पाणी एका बारीक ड्रेन पाइपमधून गाडीखाली पडतं, आणि तो पाइप कचऱ्याने चोंदला तर तेच पाणी आत कार्पेटवर येतं. म्हणजे एसीमुळे ओल होऊ शकते, पण तेव्हा काम असतं पाइप साफ करायचं, कॉइल बदलायचं नाही!

गाडी त्याच दिवशी संध्याकाळी परत मिळाली. आतून परफ्यूमचा घमघमाट. एक जुनी कॉइल दाखवली, "ही बघा किती सडलीये." काही दिवस वास आला नाही, मग चांगला पाऊस झाला आणि आधीपेक्षा जास्त वास सुटला. परत गेलो तर म्हणे तुम्ही गाडी बंद ठेवता, काचा थोड्या उघड्या ठेवत जा, अजून एकदा ओझोन मारावा लागेल, पॅकेज घेतलं तर स्वस्तात पडेल.

ओझोनबद्दल इथेच सांगतो कारण हे सर्रास विकलं जातं. वास ज्यातून येतो ते पाणी असतं कार्पेटच्या खालच्या जाड फोममध्ये, तिथे ओझोन पोचत नाही आणि पोचला तरी पाणी सुकवत नाही. वरवरचा वास मरतो, फोम ओलाच राहतो आणि बुरशी परत वाढते, त्यासाठी २४ ते ४८ तासांची ओल पुरते. ओझोन छातीलाही वाईट, जास्त मारला तर रबर खराब करतो. वासाचं मूळ न शोधता ओझोन विकणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

मग मी दुसऱ्या एका मेकॅनिककडे गेलो. त्या माणसाने नाक लावलंच नाही, आधी प्रश्न विचारले. वास एसी लावल्यावर येतो की पावसानंतर? कुठली बाजू ओली? कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी होतंय का? मग दरवाजाच्या खालची उंबरठ्याची पट्टी काढली, कार्पेट वर उचललं आणि खालचा फोम मुठीत दाबला. अक्षरशः पाणी गळलं, आणि वरून कार्पेट जेमतेम दमट! मला हे बघून धक्काच बसला, कारण याच जागेत वायरिंग आणि कनेक्टर जातात, त्यांना गंज लागला तर गाडीत असले भलते फॉल्ट सुरू होतात की कोणाला पत्ता लागत नाही. पाणी पांढऱ्या कागदावर टिपून बघितलं, रंग नाही, चिकटपणा नाही, गोडसर वास नाही, म्हणजे हीटरमधून कूलंट गळत नव्हतं. एसी थोडा वेळ चालू ठेवला तर गाडीखाली थेंब पडत होते, म्हणजे ड्रेन पाइप मोकळा. एवढ्यातच पहिल्या गॅरेजची सगळी थिअरी संपली.

मग त्याने पाण्याचा पाइप घेतला आणि मला टॉर्च देऊन आत बसवलं. प्रेशरने नाही, साधी धार, आणि खालून वर, एका जागी बराच वेळ थांबून मगच पुढची जागा, कारण एकदम छतावरून पाणी सोडलं तर ते सगळीकडेच ओघळतं आणि कुठून शिरतंय ते कळत नाही. पुढच्या काचेखाली वायपरजवळ जी जाळी असते तिथे पानं अडकून पाणी तुंबतं आणि एसीच्या हवेच्या वाटेने आत येतं, ती जागा बघितली, कोरडी. पुढच्या काचेची कड, कोरडी. मग दरवाजाच्या काचेवर धार धरली आणि थोड्या वेळात डोअर पॅडच्या (दरवाजाच्या आतल्या बाजूच्या कव्हरच्या) खालून एक बारीक ओघळ उंबरठ्यावरून आत आला.

पॅड उघडलं. दरवाजाच्या आत पाणी जाणं नॉर्मल असतं, काचेच्या रबरातून ते जातंच आणि खालच्या भोकांमधून बाहेर पडतं. पण पत्रा आणि पॅडच्या मध्ये एक प्लास्टिकची शीट चिकटवलेली असते, ती पाण्याला आतल्या बाजूला येऊ देत नाही. माझ्या दरवाजाची शीट खालून सुटून लोंबत होती, चिकट पट्टीवर नुसती धूळ. आणि तो दरवाजा याआधी एकदाच उघडला होता, पॉवर विंडोची मोटर बदलायला, त्याच पहिल्या गॅरेजमध्ये. शीट परत न चिकटवणं हा निष्काळजीपणा म्हणून सोडून देता येईल, पण पुढचं नाही.

त्या मेकॅनिकने बोनेट उघडून एसीचे पाइप जिथून आत जातात ते जॉइंट दाखवले. नटांवर जुनी धूळ जशीच्या तशी, पाना लागल्याची एक खूण नाही. कॉइल बदलायची तर ते जॉइंट सोडावेच लागतात, आतला सगळा गॅस काढावा लागतो, जॉइंटला नवीन ओ-रिंग (रबरी कडी), व्हॅक्युम आणि परत गॅस भरणं, हे सगळं आलं. माझ्या बिलात गॅस भरल्याची नोंदच नव्हती. जी सडकी कॉइल दाखवली होती तिच्या फोटोतल्या पाइपची तोंडं माझ्या गाडीला बसणारी नव्हती. तेव्हा जुना पार्ट नुसता बघू नका, आपल्याच गाडीतून निघालाय याची खात्री करा, आणि कॉइलचं बिल असेल तर त्यात गॅस आहे का ते आधी बघा.

शीट नवीन चिकटपट्टीने बसवली, खर्च किरकोळ. वेळ गेला तो सुकवण्यात, सीट काढून, कार्पेट उचलून, फोम वेगळा वाळवून. कार्पेट जागेवर ठेवून वरून पंखा लावला तर फोम सुकत नाही, हे लक्षात ठेवा. ओल मागच्या बाजूला असेल तर स्टेपनीचा खड्डा, टेललाइटचे रबर आणि डिकीचं बीडिंग बघा, सनरूफ असेल तर तिच्या कोपऱ्यातल्या ड्रेन नळ्या. आणि वास फक्त एसी लावल्या लावल्या येऊन थोड्या वेळात जात असेल तर तो बहुतेक कॉइलवरच्या घाणीचा असतो, तिथे कॉइल साफ करणं, केबिन फिल्टर बदलणं आणि गाडी बंद करण्याआधी थोडा वेळ एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवणं एवढं पुरतं.

बिल, जॉइंटचे फोटो आणि शीटचा व्हिडिओ घेऊन मी पहिल्या गॅरेजमध्ये गेलो. आधी आवाज चढवला, मग फोटो बघितल्यावर म्हणाले कामावरच्या मुलाकडून चूक झाली, फ्री सर्व्हिसिंग करून देतो. मी नाही म्हटलं आणि लेखी मागितलं. कॉइलचे पैसे परत मिळाले, ओझोनचे आणि क्लिनिंगचे अजून दिलेले नाहीत, ते मी मागतोच आहे. तुमच्याही बिलात अशी कॉइल असेल तर आज बोनेट उघडून एसीच्या पाइपच्या जॉइंटवरचे ते नट बघा.