उताऱ्यावर एकतीस एकर, मोजणीत एक

वाई आणि भोर तालुक्यांतल्या सात घरांतले मोडी कागद मी आणि माझा एक मित्र 2019 पासून फोटो काढून जपत होतो. जुनी घराणी आपले कागद फडक्यात बांधून ठेवतात, त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. असे 58 रुमाल, त्यांचे 41,312 फोटो. जानेवारी 2024 मध्ये कळलं की यातले जवळजवळ तीस हजार फोटो गेलेत. ते ज्या ड्राइव्हवर होते तो हातातून पडला नव्हता, भिजला नव्हता, व्हायरसही शिरला नव्हता. विकत घेतला त्या दिवसापासूनच तो खोटा होता.

सगळं तपशिलाने लिहितोय, कारण मी डोळे मिटून काम केलं नव्हतं. फाइली मोजल्या होत्या, एकूण आकार ताडून पाहिला होता, वीसेक फोटो उघडूनही बघितले होते. तेवढं पुरलं नाही. ही फसवणूक नेमकी एवढ्याच तपासणीतून पार होईल अशी बनवलेली असते.

माझा लॅपटॉप 512 जीबीचा. मोडीचे फोटोच 236 जीबी झाले होते आणि नवीन फोटोंना जागा उरली नव्हती. ऑक्टोबर 2023, दिवाळीच्या सेलचे दिवस. एका खरेदीच्या ॲपवर ‘2 टीबी पोर्टेबल एसएसडी’ असं नाव लावलेला ड्राइव्ह 1,849 रुपयांना दिसला. एसएसडी म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा साठवणारा, वेगवान ड्राइव्ह. नावाजलेल्या कंपन्यांचा तेवढाच ड्राइव्ह तेव्हा दहा हजारांच्या पुढे होता आणि हे मला माहीत होतं. तरी नवीन कंपनी असेल, जम बसवायला स्वस्तात देत असेल, अशी मी मनाची समजूत घातली. रेटिंग 4.2 होतं. खालचे अभिप्राय वाचले. पाच-सहा जणांनी संगणकाच्या पडद्याचे फोटो टाकले होते, त्यात 1.81 टीबी मोकळी जागा स्पष्ट दिसत होती. विंडोज 2 टीबीचा ड्राइव्ह 1.81 टीबीच दाखवतं, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज 1,024 च्या. त्यामुळे आकडा बरोबर वाटला आणि मी ऑर्डर केली.

ते अभिप्राय नंतर पुन्हा वाचले तेव्हा दोन गोष्टी ध्यानात आल्या. निम्मे अभिप्राय या वस्तूबद्दल नव्हतेच. ‘बास छान आहे’, ‘कानात नीट बसतात’ असं लिहिलेलं होतं. इअरफोनच्या जुन्या पानावर विक्रेत्याने वस्तू बदलली होती आणि आधीचे तारे तसेच राहिले होते. उरलेले अभिप्राय पार्सल आलं त्या दिवशीचे किंवा दुसऱ्या दिवशीचे. त्या लोकांनी ड्राइव्ह लावला, आकडा पाहिला आणि खूश होऊन पाच तारे दिले. खोटेपणा बाहेर येतो तो ड्राइव्ह भरत गेल्यावर, आणि तोवर अभिप्राय लिहायला कोण परत येतंय?

ड्राइव्ह आला. धातूची पेटी, बोटभर केबल, डबाही झकास. नेहमीच्या सवयीने मी आधी रुमालवार 58 रिकामी फोल्डर केली आणि रात्री दहाला कॉपी लावली. सुरुवातीला सेकंदाला पंचवीस एमबीचा वेग होता, मग तो सात-आठवर येऊन स्थिरावला. खरी पोर्टेबल एसएसडी सेकंदाला काहीशे एमबी लिहिते. तो सात-आठचा आकडा माझ्या डोळ्यांसमोर रात्रभर होता, पण त्याचा अर्थ मला लागला नाही. सकाळी कॉपी पूर्ण झालेली. एकही चूक दाखवली नव्हती. फाइली 41,312, आकार तंतोतंत. पहिल्या तीन-चार रुमालांतले फोटो उघडले, अक्षर न् अक्षर स्वच्छ. मग मी लॅपटॉपवरचे फोटो पुसले.

संक्रांतीनंतर भोरकडच्या एका घरातून फोन आला. घरातला तरुण मुलगा कुलवृत्तांत लिहायला बसला होता. त्याला एक महजर हवा होता. महजर म्हणजे गावसभेपुढे झालेल्या निवाड्याचा कागद. त्याच्याखाली साक्षीदारांनी सह्यांच्या जागी आपापल्या कामाच्या निशाण्या काढलेल्या असतात. या महजरावर कुणब्याचा नांगर, सुताराची पटाशी आणि न्हाव्याचा आरसा होता. आरसा तर एका झटक्यात काढलेला, पण मूठ अगदी डौलदार. मी एकतिसाव्या रुमालाचं फोल्डर उघडलं. फाइलींची नावं जागच्या जागी होती, प्रत्येकीपुढे पाच-साडेपाच एमबी आकारही दिसत होता. पण फोटो उघडेना. दुसरा उघडेना. शेजारचं फोल्डर उघडलं, तिथेही तेच.

मी त्याला म्हणालो, दोन दिवस थांब, नाहीतर मूळ कागदाचाच पुन्हा फोटो काढतो. तो जरा वेळ गप्प झाला. मग म्हणाला, “सर, वाडा पाडला ना दिवाळीनंतर. वाटण्या झाल्या. तुम्ही म्हणाला होतात फोटो सुरक्षित आहेत, म्हणून काकांनी ते गाठोडं रद्दीत दिलं.”

हो, मी तसं म्हणालो होतो. त्यांच्या ओसरीवर बसून, चहा घेताना म्हणालो होतो.

वाईत एका ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे ड्राइव्ह नेला. त्याने सगळ्यात आधी जेवढं वाचता येतं तेवढं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतलं. पंधरा रुमाल धड निघाले, सोळावा अर्धा. मग पेटी उचकटली. आत एक छोटा सर्किट बोर्ड, आणि त्यावर गोंदाने चिकटवलेलं, मोबाइलमध्ये घालतात तसलं मायक्रोएसडी कार्ड. बाकीची पेटी रिकामी. ड्राइव्ह फॉरमॅट करून त्याने त्यावर 100 जीबीची चाचणी लावली. 59 जीबीच्या थोडं पुढे जाताच पुढचं सगळं निकामी निघालं. म्हणजे ते 64 जीबीचं कार्ड होतं.

हे चालतं कसं ते समजून घ्या. संगणक ड्राइव्हची जागा स्वतः मोजत नाही. ड्राइव्हमधल्या कंट्रोलर नावाच्या चिपला तो विचारतो आणि ती सांगेल तो आकडा दाखवतो. या चिपमध्ये खोटा आकडा भरलेला असतो. सातबाऱ्यावर एकतीस एकर लिहिलंय आणि जागेवर एकच एकर आहे, असा प्रकार. खरी जागा संपली की काही बनावट ड्राइव्ह पुढचा डेटा सरळ टाकून देतात आणि ‘लिहिलं’ असं संगणकाला कळवतात. काही पुन्हा पहिल्यापासून लिहायला लागतात, म्हणजे नवीन फाइली जुन्या फाइलींवर चढतात. माझा पहिल्या प्रकारचा होता. फाइलींची नावं, आकार, तारखा यांची यादी वेगळी ठेवलेली असते. माझी फोल्डर आधी केलेली असल्याने ती यादी सुरुवातीच्या खऱ्या जागेत बसली आणि शाबूत राहिली. म्हणून सगळं काही जागेवर दिसत होतं. मी तपासले ते पहिल्या रुमालांतले फोटोही त्याच खऱ्या जागेतले. एकच फोटो शेवटच्या रुमालातला उघडला असता तर त्याच सकाळी सगळं कळलं असतं, लॅपटॉपवरची प्रत हातात असताना.

डेटा परत मिळवून देणाऱ्या पुण्यातल्या एका माणसाने पैसे न घेता सांगितलं की जे कधी लिहिलंच गेलं नाही ते परत आणता येत नाही. लॅपटॉपमध्येही आशा नव्हती. त्यातली डिस्क एसएसडी असल्याने, फाइल पुसल्यावर ती जागा आतून साफ करण्याचं काम थोड्याच वेळात उरकलं जातं, आणि इथे तर तीन महिने उलटले होते. कॅमेऱ्याच्या एका जुन्या कार्डाने मात्र हात दिला. फोटोरेक हे मोफत सॉफ्टवेअर चालवून त्यातून एकोणीसशे फोटो निघाले. नावं गेली होती, पण फोटोच्या आत कॅमेऱ्याने नोंदवलेली तारीख-वेळ होती. आमच्या वहीतल्या तारखांशी ती जुळवत आम्ही दोघांनी सुट्टीचे सहा रविवार घालवले. त्यात महजर नव्हता.

पैशांचं सांगतो, कारण पुष्कळजण तिथेच हात टेकतात. ॲपवाल्यांचं पहिलं उत्तर आलं की परत करायची सात दिवसांची मुदत संपली. विक्रेत्याचं पान एव्हाना गायब झालं होतं. मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, आणि ॲपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला चाचणीच्या निकालाचे आणि उघडलेल्या पेटीचे फोटो जोडून मेल केला. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांनुसार या अधिकाऱ्याने तक्रारीची पोच 48 तासांत द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. त्या नियमाचा उल्लेख केल्यावर भाषा बदलली आणि 1,849 रुपये परत आले. नसते आले तर जिल्हा ग्राहक आयोग होताच. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, आणि आता ती ई-जागृती या संकेतस्थळावरून घरबसल्या दाखल होते. बिल, पानाचा स्क्रीनशॉट आणि डबा जपून ठेवा. विक्रेत्याचं पान पुसलं जातं, तुमचा स्क्रीनशॉट राहतो.

आता ड्राइव्ह घेताना काय करायचं ते. कुठलाही ड्राइव्ह, पेन ड्राइव्ह वा कार्ड असो, महाग असो की स्वस्त, हातात आल्या दिवशीच त्याची मोजणी करा. उतारा बघून जमीन कोणी घेत नाही. विंडोजवर एच2टेस्टडब्ल्यू हे जर्मनीतल्या एका संगणक नियतकालिकाकडून आलेलं मोफत सॉफ्टवेअर आहे. ते रिकामा ड्राइव्ह खुणेच्या फाइलींनी काठोकाठ भरतं आणि मग प्रत्येक फाइल परत वाचून पाहतं. लिनक्स आणि मॅकवर हेच काम एफ3 करतं. चांगल्या 2 टीबी हार्ड डिस्कला यात साधारण दहा-चौदा तास जातात. बनावट ड्राइव्हला वेळ लागतो तो वेगळाच: सेकंदाला आठ एमबी वेगाने 2 टीबी लिहायलाच जवळपास तीन दिवस. पण माझ्यासारख्या ड्राइव्हचं पितळ नुसती शंभर जीबीची चाचणी लावली तरी उघडं पडतं, आणि परतीची मुदत हातात असते. ड्राइव्हवर काही ठेवलेलं असेल तर आधी ते काढून घ्या.

कॉपी झाल्यावर नावं आणि आकार जुळवण्यावर विसंबू नका. टेराकॉपीसारख्या साधनात कॉपीनंतर दोन्हीकडचा मजकूर पडताळून पाहायची सोय आहे. त्यातही एक खाचखळगा आहे. नुकताच लिहिलेला डेटा संगणकाच्या मेमरीत असतो आणि पडताळणी ड्राइव्हऐवजी तिथूनच वाचली जाऊ शकते. म्हणून ड्राइव्ह नीट बाहेर काढा, पुन्हा लावा आणि मग पडताळा.

माध्यम कोणतं, यावर मला बरेच जण विचारतात. वर्षानुवर्षं कपाटात ठेवायला मी पेन ड्राइव्ह किंवा कार्ड वापरणार नाही, अगदी अस्सल कंपनीचंही नाही. त्यांच्यात असते ती फ्लॅश मेमरी डेटा विद्युतभाराच्या रूपात धरून ठेवते आणि वीज न देता बराच काळ पडून राहिली तर तो भार हळूहळू गळतो. एका ठिकाणाहून दुसरीकडे न्यायला ती उत्तम. डीव्हीडीवर 4.7 जीबी मावतात, म्हणजे माझ्या कामाला पन्नासहून जास्त तबकड्या लागतील आणि घरात ती लिहिणारं यंत्र आहे कुठे? मी दोन साध्या 2 टीबी हार्ड डिस्क घेतल्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या, दुकानातून, जीएसटीच्या पक्क्या बिलावर. त्यांना धक्का सोसत नाही, हे खरं. म्हणून एक माझ्याकडे आणि एक मित्राकडे साताऱ्याला असते. तिसरी प्रत क्लाउडवर पैसे भरून ठेवतो. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला 3-2-1 चा नियम हाच: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. मी खोटा ड्राइव्ह घेतला ही एक चूक. तो खरा निघाला असता तरी माझ्याकडे एकच प्रत उरली होती, ही त्याहून मोठी.

सातांपैकी चार घरांनी आम्हाला पुन्हा बसू दिलं. एका आजींनी तर रुमाल सोडताना स्वतः कडुनिंबाचा पाला बदलला आणि म्हणाल्या, “या वेळी घाई करू नका.” दोन घरांत कागद आता भावाभावांत वाटले गेलेत, तिथे बोलणी चालू आहेत. भोरच्या घरातल्या मुलाला मी प्रत्यक्ष भेटून सगळं सांगितलं. त्याने आपल्या काकांकडून त्या रद्दीवाल्याचा पत्ता काढला. आम्ही दोघं गेलो, पण माल केव्हाच पुढे गेला होता.

महजराचा एक फोटो शेवटी मित्राच्या व्हॉट्सॲपवर सापडला, 2021 मध्ये मी त्याला कौतुकाने पाठवलेला. व्हॉट्सॲपने तो इतका दाबलाय की मजकुराच्या ओळी वाचता येत नाहीत. खालचा नांगर, पटाशी आणि आरसा तेवढे दिसतात. तो फोटो आता तिन्ही ठिकाणी आहे, आणि कुलवृत्तांतात तसाच छापायचं त्या मुलाने ठरवलंय.