ए-३२० चं हवामान रडार: नऊ महिन्यांनंतर

एप्रिलात एअरबस ए-३२० या प्रवासी विमानावर को-पायलट म्हणून उडायला लागलो. म्हणजे वळीव, पावसाळा आणि परतीचा पाऊस, तिन्ही या रडारवर काढले. आमच्याकडे दोन्ही तऱ्हेची विमानं आहेत. जुन्यांत अँटेनाचा टिल्ट, म्हणजे वर-खाली झुकण्याचा कोन, हातानं लावायचा, नव्यांत रडार तो आपला आपण लावतं.

मे महिन्यातली दुपार, मुंबईहून नागपूरला चाललो होतो. विमान जुनं, उंची ३५ हजार फूट, पडद्याची रेंज ८० मैल. साठेक मैलांवर एक हिरवा ठिपका. हिरवा म्हणजे किरकोळ पाऊस, असं म्हणून मी गप्प. कॅप्टन म्हणाले, "टिल्ट बघ किती आहे." उणे एक होता. त्यांनी तो उणे तीनवर आणला. अँटेनाच्या पुढच्या एक-दोन फेऱ्यांत हिरव्याचा पिवळा आणि मधोमध लाल! पडद्याच्या वरच्या कडेला जमिनीचा पट्टाही उमटला.

हिशेब सोपा आहे. ६० मैलांवर टिल्टचा एक अंश म्हणजे साधारण सहा हजार फूट. उणे एकवर रडारच्या झोताचा मध्य २९ हजार फुटांवर, उणे तीनवर १७ हजारांवर. आपल्याकडे उन्हाळ्यात शून्य अंश तापमानाची पातळी साधारण १६ हजार फुटांच्या आसपास असते, आणि भरपूर पाणी तिथेच नि तिच्याखाली. रडार ढग बघत नाही, पाणी बघतं. ढगाच्या माथ्यावरचा कोरडा बर्फ त्याला जेमतेम दिसतो, पण धक्के द्यायला तो माथा पुरेसा असतो. आम्ही वाऱ्याच्या वरच्या बाजूनं २० मैल वळसा मागून घेतला.

ऑटोवाल्या विमानात ही कसरत वाचते. रडार वरखाली दोनदा बघतं, जमीन पुसून एकच चित्र देतं. रात्री, दमलेले असताना, खरंच सोय आहे. पण ढग किती उंच आहे हे त्या चपट्या चित्रावरून कळत नाही, म्हणून संशय आला की मी अजूनही हातानं टिल्ट फिरवून बघतो. जांभळा रंग, म्हणजे पावसातले हादरे, ४० मैलांच्या आतच उमटतो. लांब जांभळं दिसत नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

जाड लाल डागामागचा काळा भाग मोकळा समजायचा नाही. पुढच्या पावसानं लहरी गिळल्या की मागचं काहीच परत येत नाही. १९७७ मध्ये अमेरिकेत जॉर्जियात सदर्न एअरवेजचं डीसी-९ रडारच्या भरवशावर वादळात शिरलं. पाणी आणि गारा जाऊन दोन्ही इंजिनं बंद पडली.

जुलै-ऑगस्टात मुंबईत उतरताना मात्र सगळा पडदाच हिरवा-पिवळा असतो. तेव्हा रंगापेक्षा कडा बघतो: बोथट असेल तर नुसता पाऊस, हुकासारखा आकडा किंवा बोटासारखा भाग बाहेर आलेला असेल तर लांबूनच रामराम.

तक्रार एकच, पडद्याच्या उजेडाच्या नॉबबद्दल. आतला नॉब नकाशाचा, त्याभोवतीची रिंग रडारच्या चित्राची. एका रात्री कॅप्टनच्या पडद्यावर पिवळं, माझा स्वच्छ. मी रेंज बदलली, गेन (रडारची संवेदनशीलता) बघितला, टिल्ट बघितला. शेवटी कळलं, आधीच्या कुणीतरी ती रिंग पार बंद करून ठेवली होती. रडार चालू, चित्र गायब, इशारा काही नाही. आता सीटवर बसलो की पट्टा बांधायच्या आधी रिंगेला हात जातो.