जलरोधक लष्करी बूट : प्रशिक्षणाच्या शेवटच्या टप्प्यात वापरून पाहिल्यानंतर

सैन्यातील मूलभूत प्रशिक्षणाचा शेवटचा टप्पा पाच आठवड्यांवर आला असताना मी हे घोट्याच्या वर येणारे चामडी बूट विकत घेतले. गणवेशाच्या नियमात बसणारे स्वतःचे बूट वापरण्याची आम्हाला मुभा होती आणि भरतीच्या वेळी मिळालेल्या बुटांनी माझ्या टाचांची सालटी काढली होती. खोक्यावर ‘पूर्णपणे जलरोधक’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते. खरे सांगायचे तर मी त्याच शब्दांना भुललो.

या टप्प्याआधी कितीही दमछाक झाली, तरी संध्याकाळी रंगरूट बराकीत परततो, बूट उतरवतो आणि सकाळपर्यंत ते बऱ्यापैकी वाळलेले असतात. शेवटच्या टप्प्यात ही सोय संपते. खंदक खणणे, रात्रीच्या अंधारातील हालचाली, आडोशाआडून गोळीबार आणि पाठीवर ओझे घेऊन केलेली लांब चाल, हे सारे सलग काही दिवस, अपुऱ्या झोपेवर चालते. अमेरिकेच्या मरीन कोरमध्ये 1996 पासून घेतली जाणारी ‘क्रुसिबल’ ही कसोटी 54 तासांची असते. आमचा सराव त्याहून लांब होता, आणि त्या काळात बूट पायातून निघतात ते केवळ मोजे बदलण्यापुरते.

कोरड्या जमिनीवर या जोडीला नावे ठेवायला जागा नाही. टाचेची वाटी घट्ट बसते, घोट्यापाशी असलेल्या अडकवणीमुळे नाडी खालच्या भागात सैल आणि वरच्या भागात आवळून बांधता येते आणि उतारावर बोटे पुढे जाऊन आदळत नाहीत. पहिले दोन आठवडे मी ते फक्त संध्याकाळी घालून चामडे मऊ करून घेतले होते, त्यामुळे पहिल्या दिवशी 18 किलोमीटर चालूनही एक फोड आला नाही. वजन मात्र खटकते. ही जोडी जुन्या बुटांपेक्षा सुमारे 300 ग्रॅमने जड आहे. पायातले वजन वाहायला पाठीवरच्या तेवढ्याच वजनाच्या साधारण पाचपट कष्ट पडतात, हे प्रयोगांतून दिसून आलेले आहे, म्हणजे पाठपिशवीत दीड किलोची भर टाकल्यासारखेच झाले.

दुसऱ्या रात्री गुडघाभर पाण्यातून ओढा ओलांडावा लागला आणि बुटांचे खरे रूप तिथे कळले. पाणी चामड्यातून आत आले नाही, हे मान्य केले पाहिजे. ते बुटाच्या तोंडातून आत शिरले, आणि एकदा शिरल्यावर त्याला बाहेर पडायला वाटच नव्हती, कारण बाहेरचे पाणी अडवणारा अस्तरातला पातळ पडदा आतले पाणीही तितक्याच इमानाने अडवतो. घामाची वाफ त्यातून हळूहळू निघते, पाणी निघत नाही. पुढच्या थांब्यावर मी डावा बूट उलटा केला तेव्हा त्यातून पेलाभर गढूळ पाणी गवतावर सांडले. आमच्या तुकडीचे हवालदार शेजारी उभे होते. त्यांनी बुटात हात घालून अस्तर चाचपले आणि म्हणाले, “अरे, हे बूट आहेत की बादल्या?” मी कोरडे मोजे चढवले, पण ओल्या अस्तराने तेही तासाभरात भिजवले.

पाण्याने मऊ झालेली त्वचा मोज्याला चिकटून राहते, आतले हाड मात्र प्रत्येक पावलागणिक सरकते, आणि या ओढाताणीत त्वचेचे थर एकमेकांपासून सुटून फोड येतो. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दोन्ही चवड्यांखाली असे फोड होते. माझ्या शेजारच्या रंगरूटाचे बूट साधे, बिनअस्तराचे होते. त्यांच्या आतल्या बाजूला, तळव्याच्या कमानीपाशी, पाणी निघून जाण्यासाठी दोन छोटी धातूची भोके होती. ओढ्यातून बाहेर आल्यावर काही पावले त्याच्या बुटांतून चूळ भरल्यासारखा आवाज येत राहिला आणि मग थांबला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते जवळजवळ वाळलेही होते. माझ्या बुटांना पूर्ण वाळायला तीन दिवस लागले. शेकोटीजवळ ठेवून घाई करावी असे मनात आले होते, पण त्याने चामडे कडक होऊन तडकते आणि तळव्याचा चिकटा सुटतो.

दुकानदाराकडे तक्रार केली तेव्हा उत्तर मिळाले, “पाणी कातड्यातून तर आलं नाही ना?” उत्तर बिनचूक होते, म्हणूनच जास्त चीड आली.

शेवटी शपथविधीचे संचलन. पुढच्या गुळगुळीत चामड्यावर कापसाच्या बोळ्याने पॉलिशचे थर चढवल्यावर चांगली चकाकी येते. मऊ तळव्यामुळे टाच आपटल्याचा आवाज मात्र निम्मा होतो, आणि रांगेत सर्वांचा ठोका एकत्र पडत असताना आपला तेवढा गिळला गेलेला कानाला चांगलाच जाणवतो. असे बूट घ्यायचेच असतील, तर बनावटीची तारीख जरूर पाहावी, कारण पॉलियुरेथेन या मऊ प्लॅस्टिकचा तळवा वर्षानुवर्षे गोदामात पडून राहिला तर हवेतल्या दमटपणाने आतून कुजतो आणि न वापरताही एक दिवस तुकड्या-तुकड्यांनी गळू लागतो.

पाच पैकी अडीच गुण. थंड, कोरड्या रात्रीच्या पहाऱ्याला मी हीच जोडी घालतो आणि पाय उबदार राहतात. चालीसाठी आता भोकांचे, बिनअस्तराचे बूट आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले मोज्यांचे तीन जोड घेतले आहेत.